बुडाल्याचा दाखला

आपल्याकडे कुणाचं दिवाळं निघालं ही बातमी कोर्टाला सगळ्यात शेवटी कळते. आधी ती वाण्याला कळते, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते. तिथून ती सलूनमध्ये जाते, सलूनमधून भिशीत, आणि भिशीतून घरी आली की आपण ती "कुणाला सांगू नका" म्हणत सगळ्यांना सांगायला मोकळे. "त्यांचं सगळं गेलं हो!" एवढाच मजकूर असतो. सगळं म्हणजे किती आणि गेलं म्हणजे कुठे, हे विचारणं असभ्य समजतात. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांचं दिवाळं मी इथे राहायला आल्यापासून निघतंय. मधल्या काळात त्यांनी बंगल्यावर मजला चढवला आणि मुलाला ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्यावर कॉलनीचं म्हणणं एकच, "लोकांचेच पैसे ते!"

या यंत्रणेत वेग भरपूर आणि पुरावा शून्य. कोर्टात नेमकं उलटं. पुरावा लागायची वेळ आली ती माझ्या मेव्हण्यामुळे. त्याने फ्लॅट बुक केला होता. इमारत चौथ्या स्लॅबला थांबली, मिक्सर गंजला, आणि एका रविवारी साइटवरच्या वॉचमनने सांगितलं, "साहेब, कंपनी बुडाली." वॉचमनचा पगार थकलेला होता, तेव्हा त्याचं मत अभ्यासपूर्णच म्हणायला हवं, पण गृहकर्जाचा हप्ता कापणारी बँक वॉचमनचा दाखला मानत नाही.

"दाजी, तुम्ही रिटायर्ड आहात," मेव्हणा म्हणाला, "जरा कोर्टात जाऊन बघा ना, बुडाली का ते."

जणू कोर्टाच्या दाराशी आज बुडालेल्यांची यादी लावलेली असते. तशी ती लावलेली असतेही, तिला बोर्ड म्हणतात. फक्त ती वाचून कोण बुडालं ते कळत नाही, आज कुणाची तारीख आहे एवढंच कळतं.

मुळात प्रश्न येतो, कोर्ट कुठलं? त्यासाठी बुडणारा माणूस आहे की कंपनी, हे आधी ठरवावं लागतं. कंपनी असेल तर 2016ची नादारी व दिवाळखोरी संहिता आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी. माणूस असेल तर तो कुठे बुडाला यावर कायदा ठरतो. मुंबईत बुडाला तर 1909चा प्रेसिडेन्सी टाउन्स नादारी कायदा आणि मुंबई उच्च न्यायालय. बाकी महाराष्ट्रात बुडाला तर 1920चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. म्हणजे मुलुंडला बुडालात तर 1909, आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात येऊन बुडालात तर 1920. हे दोन्ही कायदे मोडीत काढायचं कलम 2016च्या संहितेत लिहून ठेवलेलं आहे, 243 नंबरचं. ते लागू करायचं मात्र राहून गेलं, त्यामुळे साधा माणूस इंग्रजांच्याच कायद्याने बुडत राहिला. अपवाद, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांचा. त्यांची सोय 1 डिसेंबर 2019 पासून एनसीएलटीत झाली. मोठ्यांची रांग आपल्याकडे सगळीकडेच वेगळी असते.

हे जुने कायदे मिळाले तर जरूर वाचा. 1920च्या कायद्याप्रमाणे स्वतःला नादार जाहीर करून घ्यायला कर्ज किमान पाचशे रुपयांचं असलं की अर्ज करता येतो. या हिशेबाने महिन्याच्या वीस तारखेनंतर अख्खा नोकरदार वर्ग पात्र आहे. पुढे ‘नादारीची कृत्यं’ दिलेली आहेत. धनकोला टाळायला घर सोडून जाणं हे त्यातलं एक; त्याची गाठ पडू नये म्हणून दडून बसणं हे दुसरं. दारावर वसुलीवाला आला की पोराला "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं शिकवणाऱ्या सर्व वडीलधाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावं. मुंबईच्या कायद्यात तर नादाराला काय स्वतःकडे ठेवता येईल तेही लिहिलंय. धंद्याची अवजारं, जरुरीपुरते कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि फर्निचर. त्याचं, बायकोचं, मुलांचं सगळं मिळून तीनशे रुपयांपर्यंत. 1909 साली तीनशेत संसार बसत असेल. आज कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग ठेवता येईल, कुकर धनकोंना द्यावा लागेल.

मुंबईकरांच्या नादारीचं काम उच्च न्यायालयात चालतं आणि नादाराची मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाचा अधिकारी ताब्यात घेतो. त्या इमारतीच्या शेजारीच राजाबाई टॉवर आहे, हे मला फार सूचक वाटतं. प्रेमचंद रायचंद कापसाच्या तेजीत शेअरबाजाराचे राजे होते. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस आपटला आणि त्याच्याबरोबर निम्मी मुंबई, प्रेमचंदही बुडाले. पण युनिव्हर्सिटीला देणगी त्यांनी त्याआधीच, 1864 मध्ये, देऊन टाकली होती. म्हणून 1878 मध्ये आईच्या नावाचा टॉवर पुरा झाला. धनकोंच्या यादीत अडकण्याआधी दिलेला पैसा तेवढा उभा राहतो, असा याचा अर्थ लावायचा मोह होतो. पण हा सल्ला कुणाला देऊ नये, कारण बुडण्याच्या बेतात असताना मालमत्ता इकडेतिकडे करणं हेही नादारीच्या कृत्यांतच येतं.

मेव्हण्याची कंपनी म्हणजे काम एनसीएलटीचं. पण एक काम निघालंच आहे तर दुसरंही उरकावं म्हणून कॉलनीतल्या त्या गृहस्थांचं नाव मी जिल्हा न्यायालयात शोधायचं ठरवलं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं. नावाची किमान तीन अक्षरं टाका, वर्ष टाका, कॅप्चा टाका. वर्ष माहीत नसेल तर एकेक वर्ष मागे जात बसा. नाव इंग्रजीत टाकायचं, आणि ‘चौधरी’ हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात हे त्या दिवशी समजतं. आडनाव पाटील आणि जिल्हा कोल्हापूर असेल तर सोबत जेवणाचा डबा ठेवा. याहून सोपा मार्ग सोळा अक्षरी सीएनआर नंबराचा. तो टाकला की प्रकरणाची कुंडली एका क्षणात समोर. हा नंबर कुठे मिळतो? प्रकरण सापडलं की त्यावर लिहिलेला असतो.

म्हणून मग प्रत्यक्ष गेलो. नकला विभागाच्या खिडकीत एक तरुण बसला होता.

"नकल पाहिजे? केस नंबर सांगा, काका."

"तोच शोधायला आलोय."

"नंबराशिवाय फाइल नाही सापडत."

"आणि फाइल सापडल्याशिवाय नंबर?"

त्याने क्षणभर विचार केला. "मग पक्षकारालाच विचारा."

"तेच तर सापडत नाहीत. कधीही गेलं तरी घरी नाहीत म्हणतात."

"घरी नाहीत म्हणतात?" तो आत बघून ओरडला, "मॅडम, नादारीच्या रजिस्टरला बघा हो एकदा!"

कायदा कोळून प्यायलेला मुलगा. मॅडमनी रजिस्टर बघितलं. गृहस्थांच्या नावावर काही म्हणजे काही नव्हतं. ही बातमी मी कॉलनीत सांगितली, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक काकू म्हणाल्या, "कोर्टातूनसुद्धा नाव काढून घेतलं म्हणजे बघा!"

या जुन्या कायद्याखालचं प्रकरण खरंच हाती लागलं तर आधी मूळ अर्ज वाचा. कर्जदाराने स्वतः अर्ज केला असेल तर त्यात त्याला आपल्या सगळ्या धनकोंची नावं, रकमा आणि मालमत्तेची यादी द्यावी लागते. कुणाकडून हातउसने घेतले हे जे माणूस बायकोलाही सांगत नाही ते तो इथे सही करून सांगतो. मग रोजनामा. रोजनामा म्हणजे त्या-त्या तारखेला काय झालं याची नोंद, आणि बहुतेक तारखांना काही झालेलं नसतं: अर्जदार हजर, सामनेवाले गैरहजर, पुढील तारीख. नादारीचा हुकूम झाला की त्याची नोटीस राजपत्रात छापावी लागते. राजपत्र आपण फक्त नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विकत घेतो. त्याच्याच आसपास कुणाचं तरी नाव बदनाम झाल्याची नोंद असते, ती कुणी वाचत नाही.

आता कंपनी. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्या कफ परेडला, सोमाणी मार्गावर, महानगर टेलिफोन निगमच्या एक्स्चेंजच्या इमारतीत बुडतात. खुद्द निगमनेच बँकांचे हप्ते थकल्याचं 2024 मध्ये शेअरबाजाराला कळवलं, त्यामुळे वातावरणनिर्मितीला कमतरता नाही. पण तिथे जायची गरज नसते. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, हुकूमही उतरवून घेता येतात, तेही फुकट.

अडचण वेगळीच आहे. नाव कुठलं टाकायचं? मेव्हण्याने होर्डिंगवरचं टाकलं. काही आलं नाही, तसा तो आनंदाने ओरडला, "दाजी, बुडाली नाही!" होर्डिंगवर जे असतं ते प्रकल्पाचं नाव असतं, झाडं, टेकड्या आणि कुठल्यातरी युरोपियन गावावरून घेतलेलं. पैसे घेणारी कंपनी दुसरीच असते. ती करारनाम्याच्या पहिल्या पानावर किंवा पावतीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात सापडते, आणि तिच्याजवळ एकवीस अक्षरी सीआयएन नंबर असतो. एका समूहाच्या दहा कंपन्या असू शकतात. नऊ ठणठणीत आणि आपल्या पावतीवर दहावी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की कंपनीची प्राथमिक माहिती फुकट दिसते: सुरू आहे, दिवाळखोरी प्रक्रियेत आहे, की अवसायनात. तिने कुणाकडे काय तारण ठेवलंय तेही तिथे कळतं. शंभर रुपये भरले तर दाखल केलेली कागदपत्रं उघडून बघता येतात. फ्लॅट बघायला जाताना पेट्रोलला याहून जास्त जातात.

बरोबर नावाने शोधलं तेव्हा प्रकरण निघालं आणि मेव्हण्याचा चेहरा पडला. नंबर असा: सी.पी., कंसात आय.बी., मग आकडा, मग एमबी, मग साल. सी.पी. म्हणजे कंपनी पिटिशन, एमबी म्हणजे मुंबई बेंच. पण नंबर आहे म्हणजे कंपनी बुडाली, असं नाही. अर्ज दाखल होणं वेगळं आणि दाखल करून घेणं, म्हणजे अॅडमिट होणं, वेगळं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निम्म्या दिवाळखोऱ्या या दोहोंच्या मधल्या असतात. सिमेंटवाल्याचं बिल थकलं की तो कलम 9 खाली अर्ज टाकतो. कंपनी घाबरून पैसे देते. सिमेंटवाला अर्ज मागे घेतो. 24 मार्च 2020 पर्यंत एक लाखाच्या थकबाकीवर हे करता येत होतं, मग मर्यादा एक कोटी झाली आणि लहान पुरवठादारांच्या हातातली छडी गेली. बँक किंवा ठेवीदार येतात ते कलम 7 खाली. 2018 पासून फ्लॅटवालेही त्यातच, पण त्यांना एकट्याने येता येत नाही: शंभर जण किंवा एकूण खरेदीदारांच्या दहा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढे तरी लागतात. मेव्हण्याच्या ग्रुपवर शेकडो आहेत. सकाळी सगळे सूर्योदय पाठवतात. सह्यांचा विषय निघाला की सूर्यास्त होतो. कलम 10 मध्ये कंपनी स्वतःच अर्ज करते, तेव्हा तिचं नाव सामनेवाल्यांत शोधू नका, अर्जदाराच्या जागी असतं.

समोर ‘निकाली’ असं दिसलं की मेव्हणा परत खूश. निकाली म्हणजे फाइलचा निकाल लागला, कंपनीचा कुठल्या बाजूने लागला ते आत असतं. तडजोड होऊन, फेटाळून किंवा मंजूर होऊन, सगळ्याच वाटांनी फाइल निकाली निघू शकते. तेव्हा हुकूम उघडणं भाग आहे, आणि तो उलटा वाचावा. पहिल्या पानांवर दोन्हीकडचे विद्वान वकील काय म्हणाले ते असतं. बँकेचे वकील म्हणतात दिले, कंपनीचे म्हणतात कर्ज नव्हतंच, ती गुंतवणूक होती. वाचणारा दर पानाला बाजू बदलतो. खरा मजकूर शेवटच्या दोन-तीन पानांत असतो: अर्ज मंजूर, कलम 14 खाली मोरेटोरियम लागू, अमुक व्यक्तीची अंतरिम अधिकारी म्हणून नेमणूक.

"मोरेटोरियम म्हणजे माझे हप्ते थांबले का?" मेव्हणा.

"तुझे नाही. कंपनीचे."

"पण बुडालो तर मी!"

याचं उत्तर संहितेत नाही.

सगळं 180 दिवसांत संपावं असं संहिता म्हणते; फार तर 90 वाढवून मिळतात आणि कोर्टकचेरी धरून 330 दिवसांत उरकायचं. व्हिडिओकॉनचं बघा. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चितेगावला नोंदणीकृत कचेरी असलेली आपली मराठवाड्यातली कंपनी. जून 2018 मध्ये प्रक्रियेत गेली, आणि एनसीएलटीच्या मुंबई बेंचने योजनेवर हुकूम दिला 8 जून 2021 रोजी. तो हुकूम विनोदी वाङ्मयाच्या वाचकाने चुकवू नये. समूहातल्या तेरा कंपन्यांवर मान्य झालेले दावे 64,838 कोटींचे. वेदान्त समूहातल्या कंपनीची योजना 2,962 कोटींची. धनकोंना जे सोडून द्यावं लागतं त्याला बँकवाले हेअरकट म्हणतात. दाखल झालेल्या (नुसत्या मान्य नव्हे) एकूण दाव्यांवर तो 95.85 टक्के होता. माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला येत होते 0.72 टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या बिलाला बहात्तर पैसे. न्यायाधिकरणाने हे आकडे मांडले आणि कंसात विचारलं की याला हेअरकट म्हणायचं की मुंडण. आणि योजना मंजूर केली, कारण धनकोंच्या समितीत 66 टक्के मतांनी ठरलं की व्यवहारातलं शहाणपण त्यांचं मानायचं, असा कायदा आहे. पुढे अपिलात, जानेवारी 2022 मध्ये, ती मंजुरी रद्द झाली.

योजना न जमता कंपनी अवसायनात गेली तर कलम 53 लागतं, आणि ते कलम म्हणजे लग्नातल्या पंगती. पहिल्या पंगतीला आचारी आणि वाढपीच बसतात. प्रक्रियेचा खर्च आधी वसूल होतो. दुसऱ्या पंगतीला कामगार, चोवीस महिन्यांच्या थकबाकीपुरते, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून तारण घेतलेल्या बँका. तिसरीला इतर कर्मचारी, बारा महिन्यांपुरते. मग बिनतारणाचे कर्ज देणारे, मग सरकार, मग माल पुरवून हात हलवत बसलेले सगळे. शेअरवाले शेवटच्या पंगतीला, तोवर मांडववाला खांब उपटत असतो. कुठल्याही कंपनीचा शेअर स्वस्त झाला म्हणून घेणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे कलम पाठ करून दाखवतो. ते म्हणतात, "पण सात रुपयांवर आलाय!"

मेव्हण्याच्या कंपनीचा अर्ज मंजूर झाला होता. अधिकारी नेमल्यापासून तीन दिवसांत जाहीर घोषणा द्यावी लागते, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात. त्याला फॉर्म ‘ए’ म्हणतात. मराठी पेपरात ती आली होती, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या पानावर. ग्रुपवरच्या कुणीही वाचली नव्हती, कारण त्या पानाच्या मागे क्रिकेट असतं. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर मात्र ती कंपनीच्या नावाने लगेच निघाली. खाली दाव्याची शेवटची तारीख, अधिकाऱ्याचा ई-मेल आणि कुणी कुठला फॉर्म भरायचा ते: माल पुरवणाऱ्यांनी ‘बी’, कर्ज देणाऱ्यांनी ‘सी’, फ्लॅटवाल्यांनी ‘सीए’, कामगार-कर्मचाऱ्यांनी ‘डी’. मेव्हण्याने पावत्या जोडून ‘सीए’ भरला. वॉचमन सिक्युरिटी एजन्सीचा निघाला, म्हणजे कंपनीवर दावा एजन्सीचा, फॉर्म ‘बी’, आणि वॉचमनचा पगार एजन्सीकडे मागायचा.

तुमचे पैसे कुठल्या कंपनीत अडकले असतील तर एवढं ध्यानात ठेवा: दाव्याचे चौदा दिवस पेपरच्या तारखेपासून मोजत नाहीत, अधिकारी नेमल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुम्ही वाचेपर्यंत दोन-तीन गेलेले असतात. ती मुदत हुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून निदान नव्वद दिवसांपर्यंत तरी दावा घेतात, तेव्हा आपल्या अक्षराचा फॉर्म भरून पाठवून द्याच. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.